हेवीवेटच्या गुदगुल्या

एकशे अठरा किलोच्या माणसाला गोव्यात तयार शर्ट मिळत नाही, मापाची चप्पल मिळत नाही, आणि स्कूटरवर त्याच्या मागे बसायला कुणी राजी होत नाही. पण डिचोलीकडच्या सुर्ल्याच्या गौरेशची खरी अडचण वेगळीच होती. त्याला मारायला माणूस मिळत नव्हता.

मारामारी हा त्याचा धंदा होता. जाळीच्या पिंजऱ्यात उतरून ठोसे, लाथा, कुस्ती, ज्यूडो सगळं एकत्र करून जी लढत होते, त्या एमएमएचा तो व्यावसायिक खेळाडू. गट हेवीवेट. हलक्या गटांत लढणारी पोरं रग्गड होती. हेवीवेटमध्ये मात्र सगळा दुष्काळ. लढत ठरायची, पोस्टर छापलं जायचं, आणि मग समोरच्याचा गुडघा दुखायला लागायचा, नाहीतर त्याचं लग्न निघायचं. एकजण तर ऐन वेळी कॅनडाला निघून गेला.

या धंद्यात तो पडला तोही अपघातानंच. त्याच्या बापाचा, कृष्णनाथचा, टिपर होता. खाणी चालू होत्या तेव्हा तो टिपर लाल धूळ उडवत नदीवरच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहायचा. खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा राहिला आणि त्याच्या सावलीत कोंबड्या बसायला लागल्या. पुढे पेडण्याकडे विमानतळाची कामं निघाली तेव्हा गौरेशनं कोंबड्यांना हाकललं आणि टिपर खडी वाहायला लावला. एकदा धारगळला, भर हमरस्त्यावर, चाक पंक्चर झालं. मागे गाड्यांची रांग लागली. त्या रांगेत महादेव होता. पोलिसातून निवृत्त झालेला, एके काळचा ज्यूडोतला राज्य विजेता. तो शिव्या घालायलाच गाडीतून उतरला, पण गौरेश टिपरचं जादा चाक एकट्यानं, तांदळाच्या पोत्यासारखं कवेत घेऊन येताना त्यानं पाहिलं आणि शिव्या जागच्या जागी गिळल्या.

“रे, मारामारी करतंस?” त्यानं विचारलं.

गौरेशनं पोलिसी मिशी ओळखली. “नाय हां, सायबा. आवशीची शपथ.”

“मगे करतलंस?”

मांद्र्याला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, महादेवची पत्र्याची शेड होती. तिथं गौरेश घडला. सरावाला किनाऱ्यावरचे रशियन असायचे. धिप्पाड, तांबडेलाल, मारून झालं की मिठी मारणारे. मे महिना आला की ते आपल्या देशाला परतत आणि गौरेशला सरावासाठी पुन्हा टिपरच्या टायरशी झटावं लागे.

पुण्याची पहिली लढत तो जिंकला. समोरचा इतका दमला होता की गौरेशनं त्याला पाडलं की तो आपणहून बसला, हे पंचालाही नीटसं ठरवता आलं नाही. दुसरी दिल्लीला, एका हरयाणवी पैलवानाशी. त्यानं गौरेशला उचललं. कळायला लागल्यापासून गौरेशला कुणी उचललं नव्हतं. त्या नवलातून तो सावरेपर्यंत लढत संपली होती. वर त्या आदळण्यात त्याची चड्डी शिवणीवर उसवली, आणि ते सगळं सुर्ल्यातल्या घराघरात मोबाइलवर दिसलं.

त्याची आई शेवंती हरण्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. “चार लोकांत उघडो उभो रवतंस ता रवतंस,” ती म्हणाली, “निदान चड्डी तरी बरी शिवून घे.”

महादेवनं तोडगा सांगितला. “धारगळला एक चेडू आसा, टेलरिंगचा दुकान आसा तिचा. तिचो सख्खो भाव तुझ्याएवढो. असली मापां तिच्या सवयीची.”

ती सुविधा. हमरस्त्याला लागून तिच्या बापाचं, रघुनाथचं, हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, नळ, सिमेंट, रंगाचे डबे. त्याच्याच कुशीत एका गाळ्यात सुविधाची दोन मशीनं. गौरेश आत शिरला तसा गाळ्यातला उजेड कमी झाला. तिनं मान वर केली, त्याला एकदा डोक्यापासून पायांपर्यंत बघून घेतलं आणि कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, चढली, कारण त्याशिवाय तिचे हात पोचणार नव्हते.

कंबर झाली. शर्टही शिवू म्हणत खांदे झाले. मग तिनं छातीभोवती टेप फिरवली आणि टेपचं टोक गौरेशच्या बरगडीखालून हलकेच सरकलं.

“हीऽऽ!” गौरेश असा काही ओरडला की शेजारी रघुनाथच्या हातून खिळ्यांचा डबा सांडला.

“काय जाला?” सुविधा दचकली.

“काय नाय. गुदगुल्यो जातत.”

“खय?”

“हय... बरगडीखाली. दाबून धरलास तर काय नाय. हलको हात लागलो की मगे...”

सुविधानं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. मग डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि तिथंच, अगदी हलकेच, फिरवलं. गौरेश हसत हसत मागे गेला, भिंतीवरच्या कापडाच्या ताग्यांवर आदळला आणि सगळे तागे त्याच्या अंगावर आले. सुविधा कदेलावर उभी राहून पोट धरून हसत होती. त्या ढिगाऱ्यातून तिच्याकडे बघताना गौरेशला वाटलं, ही चड्डी लवकर शिवून होऊ नये.

झालीच नाही. कधी कंबर जमेना, कधी नाडी आखूड पडे. एका चड्डीसाठी तो इतक्या वेळा धारगळला गेला की रघुनाथला तो सिमेंटचं कुणी मोठं गिऱ्हाईक वाटायला लागला.

गुदगुल्यांचं महादेवला ठाऊक होतं. त्यानं पहिल्याच महिन्यात एका रशियनाला कोंबडीचं पीस देऊन गौरेशच्या मागे लावलं होतं, सवय व्हावी म्हणून. सवय रशियनाला झाली, गौरेशला नाही. शेवटी महादेवनं नाद सोडला. “पिंजऱ्यात तुका हलक्या हातान कोण शिवतलो? थय सगळे दाबूनच धरतत,” तो म्हणाला. “पण ह्या भायर कळला तर तुझा करिअर गेला म्हणान समज.”

आणि मग एकदाचा गौरेशला माणूस मिळाला.

म्हापशाच्या इनडोअर हॉलमध्ये मोठा कार्यक्रम ठरला. आयोजकांना मुख्य लढतीसाठी घरचेच दोन हेवीवेट हवे होते. संबंध गोव्यात तेवढे दोनच होते. एक डिचोलीचा गौरेश. दुसरा पेडण्याचा, बॉक्सिंगमधून नुकताच आलेला, पिळदार मिशीचा, सुविधाचा सख्खा भाऊ परेश.

गौरेशला हे कळलं त्याच आठवड्यात शेवंती धारगळला जाऊन पोचली होती. तिला लढतीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा सारखी चड्डी शिवतो यातलं मर्म तिनं ओळखलं, चांगला दिवस बघितला, नारळ आणि पेढे घेतले आणि गौरेशला टिपरसकट सोबत घेऊन गेली.

रघुनाथच्या घरी पाहुणचार छान झाला. परेशची आई कमलाक्षी, ठेंगणी आणि करड्या आवाजाची, तिनं चहा आणला, पाववाल्या पदेराकडचे गरम पाव आणले, वाटाण्याची उसळ आणली. शेवंतीनं घसा साफ केला आणि विषयाला हात घातला. तेवढ्यात परेश बाहेरून आला आणि हातातल्या गुंडाळीतून भलंमोठं पोस्टर काढून त्यानं खिडकीशेजारी भिंतीवर चिकटवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला गौरेश, दोघांच्या मुठी एकमेकांच्या नाकाला टेकलेल्या. खाली लाल अक्षरांत: पेडणे विरुद्ध डिचोली.

सगळ्यांनी पोस्टर बघितलं. मग सगळ्यांनी गौरेशकडे बघितलं. त्याच्या तोंडात पावाचा मोठा घास होता. तो त्याला गिळवेना की काढवेना.

“म्हणजे,” कमलाक्षी सावकाश म्हणाली, “हो माझ्या झिलाक मारतलो, आणि मगे माझा चेडू घेवन जातलो?”

“मारीत कसो? परेशच त्याका मारतलो,” रघुनाथ म्हणाला. “आणि आयका, हरणाऱ्याक मी माझा चेडू दिवचंय नाय. आमच्या घराक नाव आसा.”

“आणि माझ्या झिलाच्या तोंडार ठोसो मारणाऱ्याक मी उंबऱ्याच्या आत घेवचंय नाय!”

शेवंतीनं पेढ्यांचा पुडा हळूच आपल्याकडे ओढून घेतला. “मगे त्यांनी करूचा तरी काय?” तिनं विचारलं. “दोघांनी फुगडी घालूची?”

परेश एकटाच खूष होता. त्यानं गौरेशच्या खांद्यावर थाप मारली. “भिया नको. लवकर आटपतलंय.”

जाताना सुविधा पायरीपर्यंत आली. शेवंती पुढे टिपरमध्ये चढत होती तेवढ्यात गौरेशनं हळू आवाजात विचारलं, “सुविधा, मी हरू?”

तिचे डोळे बारीक झाले. “खोटा खोटा हरलंस तर माझ्या दुकानाची पायरी चढू नको. माझो भाव काय खेळणो आसा? तो वर्षभर घाम गाळता. तूय गाळतंस. खरोखर झुंज.”

“आणि जिकलंय तर? तुझी आवस...”

“बाकीचा माझ्यार सोड,” सुविधा म्हणाली आणि हसली.

त्या हसण्यानं गौरेशला परेशच्या उजव्या हातापेक्षा जास्त धास्ती वाटली.

त्यानं झुंजायचं ठरवलं आणि मनापासून ठरवलं. पहाटे उठून पळणं, शेडमध्ये घामाच्या धारा, जेवणात भात मोजका, मासळी उकडलेली. महादेवनं डावपेच आखला: परेश दुरून ठोसे मारणार, त्याला मारू द्यायचे, आत शिरायचं, कंबर धरून खाली घ्यायचं आणि वर बसायचं. “एकदा तू वर बसलंस की तो उठूचो नाय,” महादेव म्हणाला. “जेसीबी बोलवूची लागात.”

लढतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन करतात आणि मग दोघांना नाकाला नाक लावून उभं करतात. फोटो काढतात. या प्रकारात गौरेश नेहमीच कच्चा. रागानं बघ म्हटलं की त्याला हसू यायचं. परेश मात्र दात-ओठ खाऊन बघत होता. कॅमेरे खटखट वाजत होते. आणि तेवढ्यात, कॅमेऱ्यांना दिसणार नाही अशा बेतानं, परेशनं खाली हाताची बोटं हलवली. गौरेशच्या बरगडीच्या दिशेनं. हार्मोनियम वाजवल्यासारखी.

गौरेश दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून मागे सरला.

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन त्यानं फोन लावला. “तू परेशाक सांगलंस?”

“सांगलंय,” सुविधा शांतपणे म्हणाली. मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता.

“कित्या?”

“त्याने विचारल्यान, त्याचो कच्चो भाग काय म्हणान. मी खोटा बोलत नाय. आणि आता तुका सांगतंय. उजवो हात मारूच्या आधी दादा डोळे मिटता. ल्हानपणापासून. बॉक्सिंगच्या सरांकय ठावक नाय. कळला?”

“तू नेमकी कोणाच्या बाजूची?”

“शिलाई करणाऱ्यान दोन्ही बाजू सारख्यो धरूच्यो असतत,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

महादेवनं हे ऐकलं तेव्हा तो आधी खुर्चीत बसला, मग त्यानं नियमांचं पुस्तक काढून बघितलं. चावायचं नाही, केस ओढायचे नाहीत, डोळ्यांत बोट घालायचं नाही. गुदगुल्यांचा कुठं उल्लेखच नव्हता. “लिवणाऱ्यांच्या मनातच येवक नाय,” तो हताशपणे म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. डिचोलीचे टिपरवाले एका बाजूला, पेडण्याचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेत शेवंती आणि कमलाक्षी शेजारी शेजारी. ती तिकिटं सुविधानं काढली होती. कमलाक्षीनं बसल्या बसल्या पदर डोळ्यांवर घेतला. रघुनाथ मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, वरातीला निघाल्यासारखा ताठ बसला होता.

घंटा झाली. परेश पुढे आला. गौरेशनं त्याच्या मुठींकडे बघायचं सोडून डोळ्यांवर नजर ठेवली. परेशचे डोळे मिटले. गौरेश खाली वाकला. डोक्यावरून वारा गेल्यासारखा उजवा हात गेला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा वारा. तिसऱ्यांदा परेश आपल्याच ठोशाच्या झोकात जाळीवर जाऊन आदळला. टिपरवाल्यांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

गौरेशला धीर आला. तो आत घुसला, दोन्ही हातांनी परेशच्या कमरेला विळखा घातला. आणि तिथंच फसला. एमएमएचे हातमोजे बॉक्सिंगसारखे बंद नसतात, त्यातून बोटं मोकळी असतात. परेशची मोकळी बोटं बरगडीखाली आली आणि हलकेच, प्रेमानं म्हणावं अशी, फिरायला लागली.

“हीऽऽ हीहीहीऽऽ!”

माइकवरून सगळ्या हॉलनं ऐकलं. गौरेशच्या दातांवरचं रबरी कवच उडून पंचाच्या बुटावर पडलं. पंचानं लढत थांबवली, कवच धुऊन आणवलं, पुन्हा बसवलं. घंटा. विळखा. बोटं. “हीऽऽ!” कवच पुन्हा उडालं. पंचानं परेशकडे संशयानं बघितलं, पण परेशचा चेहरा देवळात उभा असल्यासारखा भाविक होता.

“काय जाता गो?” कमलाक्षीनं पदराआडून शेवंतीला विचारलं. “कोण रडता?”

“कोण रडत नाय. माझो हसता.”

“हसता? कित्या?”

“तूच बघ.”

कमलाक्षीनं पदर किंचित बाजूला केला. मग आणखी. दुसऱ्या फेरीपर्यंत पदर खांद्यावर गेला होता आणि ती “परेशा, अरे सारखो उभो रव!” असं खणखणीत आवाजात सांगत होती.

दुसऱ्या फेरीत गौरेश हसून हसून अर्धा झाला. हसणाऱ्या माणसाच्या अंगात जोर राहत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. परेशचे दोन डावे ठोसे त्याच्या कानावर बसले; डाव्या हाताच्या वेळी तो डोळे मिटत नव्हता. कान भणभणला. पहिल्यांदाच गौरेशला राग आला. परेशचा नाही, सुविधाचाही नाही. आपल्या बरगडीचा. एवढा डोंगराएवढा देह, आणि चार बोटांची जागा त्याची शोभा करते.

तिसऱ्या फेरीत तो सगळं अंग गोळा करून धावला. परेशला कमरेत उचललं आणि खाली घेतलं. मॅटचा आवाज असा झाला की बाहेर उभ्या बसच्या काचा थरथरल्या म्हणतात. गौरेश त्याच्या छातीवर आला. डाव्या हातानं त्याला दाबलं. उजवी मूठ वर उचलली. खाली परेशचा चेहरा होता, डोळे घट्ट मिटलेले, नाक थेट सुविधाचं.

मूठ वरच राहिली. ती खाली येणार होती की नव्हती, यावर पुढे धारगळच्या चहाच्या टपरीवर पुष्कळ वाद झाले. गौरेशला विचाराल तर तो मान खाजवतो. त्याला खरंच सांगता येत नाही. कारण त्याच क्षणी परेशनं दोन्ही हातांची दहाही बोटं दोन्ही बरगड्यांना लावली.

मूठ उघडली. गौरेश कोसळला. एकशे अठरा किलोंचा हसणारा देह परेशच्या छातीवर, तोंडावर पसरला. परेश गुदमरला. त्यातून सुटायला त्यानं आणखी जोरात गुदगुल्या केल्या. तसा गौरेश आणखी हसला, आणखी सैल पडला, आणखी जड झाला. त्याच्या पोटाखालून काहीतरी दबका आवाज येत होता. हॉल हसत होता, टिपरवाले हसत होते, पेडण्याचेही हसत होते. आणि मग त्या ढिगाऱ्याच्या कडेनं परेशचा एक हात बाहेर आला आणि त्यानं मॅटवर थाप मारली. हार कबूल.

पंचानं गौरेशला ओढून उठवलं आणि हात वर केला. गौरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदाचं की कसलं, ते कुणालाच कळलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत आधी रघुनाथ आला. त्यानं गौरेशला वर-खाली बघितलं. “जिकलंस,” तो कडवट तोंडानं म्हणाला. “पण ही कसली जीत? वर निजलंस तू त्याच्या.”

“मारलो तर नाय!” मागून कमलाक्षीचा आवाज आला. “तोंडार एक ओरखडो नाय माझ्या झिलाच्या. उलट ह्याचोच कान बघा, केदो सुजलो हा. परेशा, बर्फ हाड. असलो मवाळ जावई माका बरो.”

“पण...”

“तुमी सांगलास हरणाऱ्याक चेडू दिवचो नाय. हो जिकलो. मी सांगलंय ठोसो मारणाऱ्याक घरात घेवचंय नाय. ह्याने मारूक नाय. आता काय तिसरा काढतास?”

रघुनाथ बाजूला सरला. दारात शेवंती उभी होती, पिशवीत पेढ्यांचा नवा पुडा घेऊन.

इथंच सगळं गोड झालं असतं. पण परेश बर्फ आणायला गेला तो परतलाच नाही.

लढतीची चित्रफीत लोकांच्या मोबाइलवर फिरली. पेडण्याच्या बाजारात परेश मासळी घ्यायला गेला की लोक त्याच्याकडे बघून बोटं हलवायचे. ठोसे खाऊन हरणाऱ्याला लोक मान देतात. गुदगुल्या करून हरणाऱ्याला कोण देणार? त्यानं बॉक्सिंगची पिशवी उतरवली. सुविधाशी बोलणं टाकलं. डोळे मिटण्याचं गुपित तिनंच फोडलं हेही त्याला कळलं होतं, कारण तिनं ते आपणहून सांगितलं.

एका दुपारी गौरेश गाळ्यात गेला तर सुविधा मशीनसमोर नुसती बसली होती. लग्नाचं ब्लाउज सुईखाली तसंच.

“माका वाटलेला, मजा जातली, दोघांकय जास्त लागूचा नाय,” ती म्हणाली. “दादाची अशी फजिती जातली ह्या मनात येवक नाय.” तिच्या आवाजातला नेहमीचा खट्याळपणा कुठंच नव्हता.  गौरेश उठला आणि शेजारच्या दुकानात गेला.

परेश रंगाच्या डब्यांमागे बसला होता. मिशी खाली उतरलेली.

“काय व्हया?” त्यानं विचारलं.

“काय नाय. नळ.”

“कसलो नळ?”

गौरेशला नळातलं काही कळत नव्हतं. “साधो,” तो म्हणाला.

 परेश उठला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गौरेशसमोर येऊन उभा राहिला. “माका एक ठोसो मार.”

“कित्या?”

“मार म्हणतंय. थोबाड सुजांदे. लोकांक सांगाक तरी येयत, मार खावन हरलंय म्हणान.”

“खुळो जालंस काय रे? तुझी आवस माका उंबऱ्यात घेवची नाय.”

परेशला नको असताना हसू आलं. नाकातून. ते त्यानं दाबायला बघितलं आणि त्याला ठसका लागला. गौरेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली, तसा तो सिमेंटच्या पोत्यांवर जाऊन पडला. पडल्या पडल्या म्हणाला, “मेल्या, हात आसा की हातोडो? त्या दिवशी खय होतो हो हात?”

“हसत होतंय.”

दोघंही तिथंच पोत्यांवर बसले. परेशनं विचारलं, “हे डोळे उघडे ठेवूक कसे शिकतत, महादेवाक ठावक आसात?”

महादेवला ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात, रशियन गेलेले असताना, मांद्र्याच्या शेडमध्ये दोन हेवीवेट रोज एकमेकांसमोर उभे राहायला लागले. गौरेश परेशच्या तोंडावर ओल्या टॉवेलाचे फटके मारायचा आणि परेशनं डोळे मिटायचे नाहीत. मग पाळी बदलायची. परेश त्याच्या बरगडीखाली बोटं फिरवायचा आणि गौरेशनं हसायचं नाही. पहिले काही आठवडे किनाऱ्यावरून जाणारे लोक शेडमधले आवाज ऐकून पावलं उचलायचे. सुविधा संध्याकाळी दोघांचे टॉवेल धुवायला न्यायची. परेशनं एकदा तिच्या हातात टॉवेल देताना “साबण जास्त लावू नको, कडक जाता” एवढंच म्हटलं. ती वाटभर रडत गेली आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा पूर्वीसारखी झाली.

लग्न मार्गशीर्षात झालं. दोन्हीकडून जेवणावळी उठल्या. पुढे बहारीनला गौरेशची लढत लागली तेव्हा त्याच्या कोपऱ्यात महादेवबरोबर परेश होता. समोरचा कझाक होता, भिंतीसारखा. त्यानं गौरेशला गुदगुल्या करून बघितल्या. ती चित्रफीत तिकडेही पोचली होती. गौरेश हसला नाही. पण हसलो नाही याच्याच आनंदात त्याचं लक्ष चळलं आणि एक लाथ त्याच्या पोटरीवर अशी बसली की तो लंगडत घरी आला. कमलाक्षीनं खोबरेल गरम केलं, पोटरी चोळली आणि त्या कझाकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

परेशही मधल्या काळात दोन लढती जिंकला. डोळे उघडे ठेवून. त्याची मिशी पुन्हा वर गेली.

आता दोघंही सुविधासमोर फार जपून वागतात. पोट दुखलं तरी बोलत नाहीत. ती चहा देताना “काय, कसो आसा गुडघो?” असं सहज विचारते आणि दोघंही एका सुरात म्हणतात, “मस्त.”

परवा परेशच्या मोबाइलवर आयोजकाचा फोन आला. गौरेशची पोटरी बरी झाली, गोव्यात अजूनही हेवीवेट दोनच, तेव्हा पुन्हा एकदा लढत लावावी असं त्याच्या मनात होतं. परेश आंघोळीला गेला होता. फोन कमलाक्षीनं उचलला. रघुनाथनं पेपर खाली केला. सुविधासोबत धारगळला आलेला गौरेश जेवत होता, त्याचा हात ताटातच थांबला. सासूबाई आता काय बोलणार, याची त्याला पूर्ण कल्पना होती.

“लावा,” कमलाक्षी फोनवर म्हणाली. “पण म्हापशाक नको. माझो पाय दुखता. हय, धारगळच्या मैदानार लावा. आणि कदेलां पहिल्या रांगेत व्हयी. किती? थांबा हां.”

तिनं फोनवर हात ठेवला आणि आत हाक मारली, “सुविधा गो, शेवंतीक विचार, सुर्ल्यासून कोण कोण येतले ता.”